नाकाला आधी प्रश्न विचारा : पडसं, वावडं आणि सायनस



सुगी सुरू झाली की आमच्या रेडिओ केंद्रावर एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. "सोयाबीनच्या मळणीला गेले, तेव्हापासून शिंका थांबत नाहीत." "सकाळी उठलं की नाक चोंदलेलं आणि दुपारी नुसतं पाणी." "कपाळ ठणकतंय, मला सायनस झालाय का?" यंदा इतक्या जणींनी विचारलं, की आजचं बोलणं नाकावरच करायचं असं आम्ही ठरवलं. विषय साधा वाटेल. सर्दीचं काय मोठं, असंही कुणी म्हणेल. म्हणून आधी आमच्यातल्याच एकीची गोष्ट सांगतो. तिनेच सांगा म्हटलंय, नाव मात्र घेऊ नका म्हणाली.

ही आमची मैत्रीण चार वर्षं दर सुगीला आजारी पडायची. मळणी सुरू झाली की वीस-वीस शिंका, डोळे लाल, नाकातून धार. दुकानातून पुडीतल्या गोळ्या आणायची. गोळी घेतली की नाक थांबायचं, पण डोळ्यांवर झापड यायची. एका संध्याकाळी ती कडबा कुट्टीच्या यंत्रावर पेंढी सरकवत होती आणि क्षणभर डोळा लागला. नशीब बलवत्तर, बोटाच्या पेरावर भागलं. जखम बांधायला ग्रामीण रुग्णालयात गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "यंत्रावर झोप कशी काय लागली?" गोळीचं निघालं, गोळीवरून नाकाचं निघालं. मग बाईंनी तीन साधे प्रश्न विचारले. नाकाला, डोळ्यांना खाज येते का? ताप येतो का? वर्षाच्या कुठल्या दिवसांत आणि कुठल्या कामाला त्रास होतो?

चार वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. सर्दीच तर आहे, त्यात काय सांगायचं!

आजच्या बोलण्याचं सार हेच आहे. नाक वाहतंय म्हणजे सर्दी, असं म्हणून थांबू नका. गोळी तोंडात टाकण्याआधी नाकाला दोन-चार प्रश्न विचारा. कारण नाक वाहण्यामागे निरनिराळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

नाकाच्या आत काय असतं?

नाक म्हणजे नुसती दोन भोकं नाहीत. आत शिरणारी हवा गाळायची, ओली करायची, कोमट करायची आणि मग छातीत पाठवायची, हे नाकाचं काम. त्यासाठी आत एक ओलसर, नाजूक अस्तर असतं. ते चिकट पातळ पाणी सोडतं. धडधाकट माणसाचं नाकसुद्धा दिवसाला लिटरच्या आसपास असं पाणी तयार करतं. ते घशामागून नकळत पोटात जातं, म्हणून आपल्याला कळत नाही. धूळ, धूर, जंतू या चिकट पाण्याला चिकटतात आणि अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे बारीक केस ते पाणी हळूहळू मागे ढकलत राहतात. म्हणजे शेंबूड ही घाण नव्हे, ती आपली राखण आहे.

आता सायनस. "मला सायनस झाला" असं आपण म्हणतो. खरं तर सायनस होत नाही, ते प्रत्येकीला असतातच. चेहऱ्याच्या हाडांमधल्या पोकळ्यांना सायनस म्हणतात. दोन्ही गालांत, कपाळात भुवयांच्या वर, नाकाच्या मुळाशी दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, आणि अगदी आत डोक्याच्या मध्याकडे, अशा या चार जोड्या. त्यांच्या आतही तसंच ओलं अस्तर असतं आणि प्रत्येक पोकळीतलं पाणी बारीक वाटेने नाकात उतरतं.

गालातल्या पोकळीची तर गंमतच आहे. तिचं भोक तळाशी नसून वरच्या बाजूला असतं. रांजणाच्या गळ्याशी भोक पाडलं तर तळाचं पाणी आपोआप बाहेर येईल का? नाही येणार. तसंच हे. बारीक केस ते पाणी चढणीला वर नेऊन बाहेर सोडतात. पण पडशाने, वावड्याने किंवा धुराने अस्तर सुजलं, की भोक बुजतं. पाणी आत साचतं, घट्ट होतं आणि चेहरा जड होतो. कधीकधी त्यात जंतू वाढतात. याला आपण सायनसचा आजार म्हणू.

ओळखायचं कसं?

पहिलं, साधं पडसं. हे विषाणूमुळे होतं. घरात एकाला झालं की दुसऱ्याला होतं. घसा खवखवतो, अंग कसकसतं, थोडा ताप येतो. आधी पाणी, मग घट्ट शेंबूड. तीन-चार दिवस जोर असतो, पुढे उतार पडतो आणि आठ-दहा दिवसांत माणूस बरं होतं. याच्यावर अँटिबायोटिक गोळी चालत नाही, कारण ती गोळी जिवाणूंवर काम करते, विषाणूंवर नाही.

दुसरं, नाकाची अ‍ॅलर्जी. आपल्या मराठीत याला फार चांगला शब्द आहे : वावडं. एखादीला वांग्याचं वावडं असतं, तसं नाकाला धुळीचं, परागाचं, बुरशीचं वावडं असतं. शेजारणीला काही होत नाही, आपल्याला होतं. कारण आपलं शरीर त्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजतं आणि त्याला हाकलायला शिंका, पाणी, सूज सगळं कामाला लावतं. खूण अशी : नाकाला, डोळ्यांना, टाळूला खाज येते. शिंकांची माळ लागते. पाणी पातळ, स्वच्छ असतं. ताप येत नाही. त्रास आठवडेच्या आठवडे चालतो किंवा ठरावीक कामाला, ठरावीक दिवसांत उलटतो. घरात आई, भाऊ, मूल यांपैकी कुणाला दमा, शिंका किंवा खाजेचं गजकर्ण नव्हे तर जुना कोरडा इसब असेल, तर वावड्याची शक्यता वाढते. पण ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

तिसरं, सायनसचा आजार. यात नाक चोंदतं, घट्ट शेंबूड पुढून येतो किंवा घशात उतरत राहतो, गाल-कपाळ दुखतं, खाली वाकलं की जास्त दुखतं, वास कळेनासा होतो. बहुतेक वेळा हाही पडशाच्या विषाणूमुळेच असतो आणि आपोआप ओसरतो. शंभर पडशांत फार तर एक-दोन वेळा त्यात जिवाणूंची भर पडते. ते कधी समजायचं? दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही, तेव्हा. किंवा पाच-सहा दिवसांत बरं वाटलं आणि पुन्हा उलटून ताप, दुखणं वाढलं, तेव्हा. किंवा सुरुवातीलाच 102 च्या वर ताप, पुवासारखा शेंबूड आणि चेहऱ्याचं दुखणं तीन-चार दिवस टिकलं, तेव्हा. अशा वेळी डॉक्टर अँटिबायोटिक देतात, आणि ते सांगतील तितके दिवस पूर्ण घ्यायचं. बारा आठवड्यांहून जास्त चाललं तर तो जुनाट आजार. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाकाच्या आत पाहून घ्यावंच लागतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू झाले, अँटिबायोटिक हवंच, असं नाही. आपल्याच रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे तो रंग येतो. साध्या पडशातही येतो. रंगावरून गोळी ठरवायची नाही, दिवस मोजून आणि त्रास बघून ठरवायचं.

आणि चौथी एक गोष्ट, जी सायनसच्या नावावर खपून जाते : अर्धशिशी. डोकं एका बाजूने ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, अंधारात पडून राहावंसं वाटतं. अर्धशिशीत नाक चोंदू शकतं, डोळ्यांतून पाणीही येतं, म्हणून बाई समजते सायनस. नाकातून घट्ट शेंबूड नाही, ताप नाही, पण डोकेदुखी पुन्हा पुन्हा येते, तर डॉक्टरांना विचारा, "ही अर्धशिशी तर नाही?" तिचं औषध वेगळं आहे.

तसंच, एकाच बाजूचा गाल दुखतो, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो, तर वरच्या दाढा तपासून घ्या. वरच्या दाढांची मुळं गालातल्या पोकळीला अगदी लागून असतात. किडलेल्या दाढेचा पू वर चढतो आणि आपण नाकाची औषधं करत बसतो.

वावडं कशाकशाचं असतं?

घरातलं पहिलं नाव घ्यायचं तर धुळीतल्या बारीक किड्यांचं. हे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. गाद्या, उशा, गोधड्या हे त्यांचं घर, आणि दमट हवा त्यांना मानवते. सकाळी अंथरुणातून उठता उठता शिंका सुरू होत असतील, तर संशय यांच्यावर घ्या. गोधड्यांची चळत वर्षभर कोपऱ्यात पडून असते आणि दिवाळीच्या आधी एकदम झटकली जाते, त्या दिवशी कितीतरी जणींची नाकं वाहतात, ती उगाच नाही.

दुसरी बुरशी. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, भिजलेला कडबा, कुबट वासाचं धान्य, जुना भुसा, यांतून बुरशीचे कण उडतात. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहिल्यावर नाकात शिरतो तो नुसता भुसा नसतो. त्यात माती, बुरशी, पराग, किड्यांचे अवशेष सगळं असतं.

तिसरे पराग. यात आपल्या ओळखीचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे गाजर गवत, ज्याला काही भागांत काँग्रेस गवत म्हणतात. हे मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या देशात 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आज ते बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानात सगळीकडे आहे. त्याच्या परागाने शिंका येतात, आणि अंगाला लागलं तर कातडी खाजून सुजते. याशिवाय झुरळांची विष्ठा, मांजर-कुत्र्याच्या अंगावरचा कोंडा, यांचंही वावडं असतं.

आणि चुलीचा धूर? धुराचं प्रत्येकीला वावडं नसतं. पण धूर हा नाकाच्या अस्तराला रोज ओरबाडतो. आधीच सुजलेल्या नाकाला तो आणखी सुजवतो आणि बारीक केसांचं काम मंदावतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या घरी गॅस आला. पण टाकी भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते, हे आम्ही आमच्याच घरात पाहतो. त्याबद्दल कुणाला दोष देऊन भागत नाही. निदान सरपण वाळलेलं वापरा, चूल दाराशी किंवा उघड्यावर मांडा, धुराडं नीट करून घ्या, आणि शिंकणारं मूल चुलीपाशी बसवू नका.

मिश्री आणि तपकीर यांचंही बोलायला हवं. मिश्री भाजतानाचा धूर घरभर होतो. तपकीर तर सरळ नाकातच जाते. "तपकिरीने नाक मोकळं होतं" असं आजी सांगायच्या. मोकळं वाटतं ते शिंक येते म्हणून. आतलं अस्तर मात्र तंबाखूने रोज भाजून निघतं.

घरी काय करता येईल?

वावड्यावर पहिला उपाय म्हणजे त्या गोष्टीपासून जमेल तितकं लांब राहणं. सगळं टाळता येत नाही. शेतात तर जावंच लागणार. पण थोडं थोडं कमी केलं तरी फरक पडतो.

उशांचे अभ्रे, चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गोधड्या उन्हात टाका. झटकायचं काम ज्याला शिंका येत नाहीत त्याला द्या, घरातल्या पुरुषाला दिलं तरी चालेल. कोरडा झाडू मारण्याआधी पाण्याचा शिंतोडा मारा, किंवा ओल्या फडक्याने पुसा. मळणीच्या वेळी वारा आपल्या पाठीकडून यंत्राकडे जाईल अशा जागी उभ्या राहा. पदराची दोन-तीन पदरी घडी घट्ट बांधली तर जाड धूळ अडते, बारीक अडत नाही. ज्यांना जास्त त्रास आहे त्यांनी एन-95 मुखपट्टी घ्या, आणि ती नाकावर नीट बसवा. शेतातून आल्यावर त्याच लुगड्यात अंथरुणावर टेकू नका. आधी हातपाय, तोंड, जमलं तर डोकं धुवा, कपडे बदला.

दुसरा उपाय मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा. आपल्याकडे जलनेती म्हणतात ती हीच. पाव लिटर पाणी चांगलं खळखळून उकळा आणि झाकून कोमट होऊ द्या. त्यात चहाचा अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. मोरीवर वाका, मान एका बाजूला कलती करा, श्वास तोंडाने घ्या आणि जलनेतीच्या भांड्याने किंवा सुई नसलेल्या स्वच्छ पिचकारीने वरच्या नाकपुडीत हळूहळू सोडा. खालच्या नाकपुडीतून पाणी बाहेर येईल. मग दुसरी बाजू. शेवटी हलकेच नाक शिंकरा, जोर लावू नका. मळणीवरून आल्यावर हे केलं तर आत बसलेला भुसा धुऊन निघतो. जुनाट सायनसलाही याने आराम पडतो.

पण एक अट पक्की. पाणी उकळलेलंच हवं. विहिरीचं, हौदाचं, बोअरचं, नळाचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही. गोड्या पाण्यात क्वचित एक अमिबा असतो, जो नाकावाटे मेंदूत शिरतो आणि जीव घेतो. तो पिण्याने काही करत नाही, नाकातून गेला तरच घात करतो. भांडंही दर वेळी धुऊन वाळवा. कान दुखत असेल किंवा नाक ठार बंद असेल तर नाक धुऊ नका.

वाफ घ्यायची की नाही, हे बऱ्याच जणी विचारतात. वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, आजार त्याने जात नाही. मोठ्यांनी घ्यायची तर सावधपणे घ्या. लहान मुलांना मात्र पातेल्यावर वाकवून, चादर पांघरून वाफ देऊ नका. पातेलं कलंडून मुलं भाजल्याच्या घटना नेहमी घडतात. पडशापेक्षा ते भाजणं कितीतरी वाईट.

औषधांचं काय?

वावड्यावर दोन तऱ्हेची औषधं मुख्य. एक गोळी, शिंका आणि खाज कमी करणारी. यातल्या काही गोळ्या झोप आणतात. आमच्या मैत्रिणीचं पेर गेलं होतं ते अशाच गोळीपायी. म्हणून डॉक्टरांना आपलं काम सांगा : "मी यंत्रावर असते, विळा चालवते, गाडी चालवते, झोप न आणणारी गोळी द्या." तशा गोळ्या आता मिळतात.

दुसरा नाकातला फवारा. नाक कायम चोंदत असेल तर सगळ्यांत जास्त उपयोग याचा होतो. यात थोड्या मात्रेत स्टिरॉइड असतं. नाव ऐकून घाबरू नका. ते नाकाच्या अस्तरावरच काम करतं, रक्तात फारच थोडं जातं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा फवारा लगेच गुण देत नाही, रोज मारला तर काही दिवसांनी ते दोन आठवड्यांनी खरा फरक जाणवतो. चार दिवस मारून "काही उपयोग नाही" म्हणून फेकू नका. आणि मारायची पद्धत : मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. जोरात ओढायचं नाही. पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं.

आता सावध राहण्याच्या गोष्टी. नाक क्षणात मोकळं करणारे थेंब दुकानात मिळतात. ते तीन दिवस, फार तर पाच दिवस. त्यापुढे वापरले की थेंबांचा असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. वर्षानुवर्षं थेंबांची बाटली कमरेला लावून फिरणाऱ्या बाया आम्ही पाहिल्यात. दुसरं, "एका सुईत बरं करतो" असं म्हणून दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा पुडीतली अनोळखी गोळी. त्याने दोन दिवस छान वाटतं, पण साखर वाढते, रक्तदाब वाढतो, आणि वारंवार घेतलं तर हाडं ठिसूळ होतात. पुडीतली गोळी घेऊ नका. वेष्टनावर नाव असलेलीच घ्या, आणि ते वेष्टन जपून ठेवा. गरोदर बाईला या दिवसांत नुसतंही नाक चोंदतं. तिने मिठाचं पाणी वापरावं आणि दुकानातून परस्पर काही घेऊ नये.

"नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करा" हेही पुष्कळ ऐकू येतं. हाड वाढत नसतं. मधला पडदा वाकडा असतो, किंवा आतलं मांस सुजलेलं असतं. थोडा वाकडा पडदा बऱ्याच माणसांचा असतो. औषधांनी पुरेसे दिवस उपचार करूनही श्वास मोकळा होत नसेल, आत कोंबासारखं मांस वाढलेलं असेल, तर ऑपरेशनाचा विचार होतो. ते गरजेचं असेल तर जरूर करा. पण वावडं ऑपरेशनाने जात नाही, हे आधी समजून घ्या.

लेकरांकडे बघा

मूल सारखं तळहाताने नाक वर चोळतं, नाकावर आडवी घडी पडली आहे, डोळ्यांखाली काळं आहे, रात्री तोंड उघडं टाकून घोरतं, तर ते वावडं असू शकतं. अशा मुलाची झोप होत नाही, मग वर्गात ते पेंगतं आणि आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. शिवाय नाक आणि छाती एकाच वाटेची दोन टोकं आहेत. दमा असणाऱ्यांपैकी बहुतेकांना नाकाचंही वावडं असतं. रात्री खोकला, धावल्यावर दम, छातीत सूं-सूं आवाज असेल तर नाकाबरोबर छातीही तपासून घ्या. नाकाचा इलाज झाला की दमाही आटोक्यात राहायला मदत होते.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत हरभरा, चिंचोका, मणी काहीतरी अडकलंय असं समजा. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं. हरभरा तर ओलाव्याने फुगतो. सरळ दवाखान्यात न्या. पेनाच्या खेळण्यातला बटणासारखा सेल नाकात गेला असेल तर तासाभराचाही उशीर नको, तो आतून जाळतो.

आणि अंघोळीनंतर बाळाच्या नाकात तेल घालण्याची आपली जुनी रीत आता सोडून द्या. नाकात घातलेलं तेल बाळाच्या फुफ्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनिया होतो. बाळाचं नाक चोंदलं तर दवाखान्यातून मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घ्या, स्वस्त असतात.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे आल्यासारखा, एकाचे दोन दिसणं. डोकं असह्य दुखून मान ताठणं, सारख्या उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं. खूप ताप आणि कपाळावर सूज. एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त. दम लागून बोलता न येणं. यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, 108 ला फोन करा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आणखी जपायचं. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने आपल्या राज्यात किती घरं पोळली, ते आपण विसरलेलो नाही. ती बुरशी नाकातूनच शिरते, आणि साखर वाढलेल्यांना गाठते. एका बाजूचा चेहरा दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट खपल्या, टाळूवर काळा डाग, वरचे दात हलायला लागणं, या तिच्या खुणा. तिथे तासही मोलाचे असतात.

गटात काय करायचं?

घरात मुलाला शिंका आल्या तर आपण धावतो, धनी खोकला तर काढा करतो. स्वतःच्या नाकाचं मात्र "सुगी संपली की बघू" करतो आणि वर्ष जातं. म्हणून हे काम गटाने मिळून करू या.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या नाकाची हकिकत सांगायची. त्रास कधी होतो, सकाळी की शेतात, कुठल्या महिन्यात? खाज येते का? ताप येतो का? पाणी पातळ की घट्ट, एका बाजूने की दोन्ही? किती दिवस झाले? कुठल्या गोळ्या घेतल्या? घरात कुणाला दमा आहे का? वहीत लिहून ठेवा. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहायचं. हा कागद आशाताईंना दाखवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, कागद असला की चार मिनिटांत कामाचं बोलणं होतं. गरज पडली तर ते ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतील.

दुसरं काम पुढच्या पावसाळ्याचं. गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, गटाने श्रमदानाने उपटायचं. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधायची, नाकातोंड झाकायचं. ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांनी उपटायला यायचं नाही, त्यांनी चहा करायचा.

आमची ती मैत्रीण यंदा मळणीला गेली होती. मळणीच्या दोन आठवडे आधीपासून डॉक्टरांनी दिलेला फवारा रोज मारला, मुखपट्टी बांधली, घरी येऊन नाक धुतलं. शिंका आल्याच नाहीत असं नाही. पण ती जागी होती, आणि तिची दहाही बोटं कामावर होती.

पुढच्या भागात भेटू. तोवर नाकाला विचारत राहा.